एक्केचाळीस नंबरची डिस्क

हेरवाड्यानं माझ्यासाठी खुर्ची ओढली, तेव्हाच मला संशय आला.

दुपारची वेळ होती आणि हॉस्पिटलचं कँटीन भरलेलं. मी ताट हातात धरून जागा शोधत होते. हा उठला काय, शेजारची खुर्ची मागं सरकवली काय, आणि चार टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला काय, "या की मगदूम मॅडम! उभ्यानं कुठं जेवताय? बसा."

"नको साहेब, मी तिकडं बसते."

"अहो, बसा ओ. काम कसं चाललंय? जागा मोकळी झाली का काही?"

"होतेय हळूहळू."

"होणारच. तुम्ही हातात घेतलंय म्हटल्यावर होणारच." आणि तो हसला. अगदी दाढा दिसतील असा हसला.

मी बसले. आमटीत भात कालवला आणि नुसता चिवडत राहिले.

तोंडावर मी त्याला साहेब म्हणत असे, मनात मात्र एकेरीच. विद्याधर हेरवाडे हा मिरजेच्या आमच्या कॅन्सर हॉस्पिटलातल्या सगळ्या सर्व्हरांचा प्रमुख. आणि मी अलका मगदूम. हॉस्पिटलचा सगळा डेटा ज्या मोठ्या यंत्रात राहतो ते माझ्याकडं. कागदोपत्री त्याला सॅन स्टोरेज म्हणत, बोलण्यात सगळे 'कपाट' म्हणत. त्या कपाटात खऱ्या डिस्क खच्चून भरलेल्या. त्यांची सगळी जागा एकत्र करायची आणि तिचे हवे तेवढे तुकडे पाडून ज्याच्या त्याच्या सर्व्हरला लावून द्यायचे, हे माझं काम. असा एक तुकडा म्हणजे एक व्हर्च्युअल डिस्क. सर्व्हर बिचारा समजतो, ही आपली घरची डिस्क. प्रत्यक्षात मी माझ्या खोलीत बसून एक कळ दाबली, की त्याच्या ताटातली भाकरी गेली.

हेरवाड्याला हेच खुपायचं. सर्व्हर त्याचे, हाताखाली माणसं त्याची, आणि जागा मात्र मगदूमबाईंकडं मागायची! तो मुद्दाम दुप्पट मागायचा, मी मुद्दाम निम्मी द्यायचे. ओपीडीत केसपेपर निघायला वेळ लागला की हा बोळात उभा राहून ओरडायचा, "बाईंचं कपाट झोपलंय!" लिफ्ट अडकली तरी माझ्या नावानं शिमगा करायला कमी करणारा हा माणूस नव्हे. मीही काही गरीब गाय नव्हते. त्याच्या प्रत्येक मेलला मी उत्तर द्यायचे ते वरच्या साहेबांना प्रत पाठवून. आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या आठवड्यात तर ते अगदी टोकाला गेलं होतं. कपाट काठोकाठ भरत आलेलं. नवं घ्यायला ट्रस्ट तयार नाही. हेरवाड्यानं संधी साधून ट्रस्टपुढं अर्ज टाकला, की बाईंना नियोजन जमत नाही, कपाट माझ्या हाताखाली द्या आणि बाईंना केसपेपरच्या खिडकीवर बसवा. शनिवारी बैठक होती. मी शब्द दिला होता की शनिवारपर्यंत पडीक डिस्क काढून जागा मोकळी करून दाखवते. नाही दाखवली, तर सोमवारपासून मी खिडकीवर. मला ती खिडकी नको होती. घरात मी एकटी मिळवती होते हे एक कारण, पण त्याहून मोठं कारण म्हणजे, त्याच्यापुढं हरायचं नव्हतं.

पडीक डिस्क ओळखायची आमच्या कामातली एक जुनी रीत आहे. तिला आम्ही 'बोंब पाहणं' म्हणतो. ज्या डिस्कला कुणी धनी सापडत नाही, ती पुसायची नाही. आधी नुसती सर्व्हरपासून सोडवून ठेवायची. आतला डेटा कपाटात जसाच्या तसा असतो, फक्त सर्व्हरला दिसेनासा होतो. मग चार-पाच दिवस कान देऊन बसायचं. कुणी बोंब मारली, तर डिस्क जिवंत आहे, परत लावून द्यायची. चिडीचूप राहिलं, तर ती मेलेली. मग पुसायची. ही रीत मला कधी दगा देत नसे, कारण हॉस्पिटलात दुसरं काही नसलं तरी बोंब मारणारी माणसं भरपूर.

एक्केचाळीस नंबरची डिस्क हेरवाड्याच्या सर्व्हरला लावलेली होती. नोंदीत नुसतं 'चाचणी' असं लिहिलेलं. कित्येक दिवसांत तिच्यात कुणी डोकावलंही नव्हतं. मी त्याला मेल केला, उत्तर नाही. फोन केला तर म्हणाला, "तुमचं कपाट, तुमची जागा. आम्हाला कशाला विचारताय?" मी सोमवारी सकाळी डिस्क सोडवून ठेवली. शुक्रवारी संध्याकाळी पुसणार होते.

सोमवार गेला, मंगळवार गेला, बुधवार गेला. हूं नाही की चूं नाही. मी खूश होते. आणि गुरुवारी हा खुर्ची ओढतो, गोड बोलतो, जागा मोकळी झाली का म्हणून विचारतो!

गोड बोलणारा हेरवाडा मी कधी पाहिलाच नव्हता. ताट तसंच सोडून मी उठले.

"काय ओ, जेवण टाकलंत?"

"भूक नाही साहेब."

त्याच्या त्या सर्व्हरवर तीन विभागांचं काम चाले. मी थेट जाऊन विचारायचं ठरवलं. पॅथॉलॉजीत काही अडलेलं नव्हतं. एक्स-रे विभागातही नाही. तिसरा विभाग तळघरात, किरणोपचाराचा. तिथं शबाना नदाफ होती. पेशंटला किरण किती द्यायचे, कुठून द्यायचे, कुठला अवयव वाचवायचा, याचा सगळा हिशेब करून प्लॅन बनवणारी. मला दारात बघितलं आणि ती उसळलीच.

"आत्ता आलासा होय? सोमवारपासून बोंबलालोय आम्ही!"

"कुणाकडं?"

"कुणाकडं म्हणजे? हेरवाडे सरांकडं! जुन्या पेशंटांच्या प्लॅनचा फोल्डरच गायब झालाय. त्यांनीच सांगून ठेवलंय, तक्रार घेऊन मगदूम मॅडमकडं कुणी जायचं नाही, सगळं माझ्यामार्फत. मी रोज सांगतेय. म्हणतात, मॅडमना कळवलंय, त्या मनावर घेत नाहीत."

"शबाना, मला कुणीही काही कळवलेलं नाही."

मग तिनं हातातलं पेन टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "या बाहेर. ते बघा."

बाहेर बाकावर एक बाई बसली होती. मानेभोवती पदर घट्ट गुंडाळलेला, पायाशी पिशवी, शेजारी नवरा भिंतीला डोकं टेकून झोपलेला. शबानानं आवाज खाली घेतला. "सुगंधा कोळेकर. जत तालुक्यातल्या. पाच वर्षांमागं मानेला किरण दिले होते आपणच. आता त्याच्या शेजारी परत गाठ आलीय. मागं मानेतल्या मज्जारज्जूला किती किरण गेलेत ते कळल्याशिवाय नेर्लेकर डॉक्टर हात लावत नाहीत. अंदाजानं जास्त गेले तर बाई जागेवर लुळी पडेल. कमी दिले तर गाठ तशीच. तो जुना प्लॅन पाहिजेच. सोमवारपासून बसल्यात दोघं. आज संध्याकाळपर्यंत नाही मिळाला तर मुंबईला जा म्हणून सांगणार आहेत डॉक्टर. आणि हे काय मुंबईला जाणार? गावाकडं जातील."

आम्ही आपल्याबद्दल बोलतोय हे त्या बाईंना कळलं असावं. त्या उठून जवळ आल्या.

"बाई, तुम्ही कांपुटरवाल्या का? आमचं काय हरवलंय म्हणत्यात. गावाकडनं काय आणाय पायजे असलं तर मालकास्नी धाडते. जुनं कागद समदं पत्र्याच्या पेटीत ठिवल्यात मी."

"काही आणायला नको," मी म्हटलं. "इथंच आहे. संध्याकाळच्या आत मिळेल."

मला रडू-बिडू आलं नाही. मला राग आला. 'चाचणी' लिहिलेल्या त्या डिस्कवरच हे प्लॅन होते. सोमवारी डिस्क गेल्याचं त्याला कळलं, आणि त्यानं बोंब गिळली. शबानाची बोंब गिळली, त्या बाईंची गिळली, आणि माझ्या हातून डिस्क पुसली जायची वाट बघत बसला. शुक्रवारी मी पुसणार, शनिवारी तो ट्रस्टपुढं छाती पिटणार. पाच वर्षांचे प्लॅन गेले म्हणून! मला नुसतं खिडकीवर बसवून त्याचं भागत नव्हतं, मला कायमचं घरी बसवायचं होतं.

मी शबानाला घेऊन माझ्या खोलीत आले. डिस्क परत लावून देणं हे दोन मिनिटांचं काम. मी पडद्यासमोर बसले, हात कळफलकावर ठेवले आणि तशीच थांबले.

"काय झालं मॅडम? लावा की."

"थांब जरा."

थोड्या वेळानं मी एक्केचाळीस नंबरची नक्कल काढली. कपाटात हे चुटकीसरशी होतं, आणि जागाही जवळजवळ लागत नाही. बघणाऱ्याला मूळ आणि नक्कल यांत तिळाइतका फरक दिसत नाही. ती नक्कल मी हेरवाड्याच्या सर्व्हरला लावली. मूळ डिस्क होती तिथं, माझ्याजवळ ठेवली.

"नक्कल कशाला? मूळच द्या की," शबाना म्हणाली.

"मूळ राहू दे माझ्याकडं. तू असं कर, खाली जा. नेर्लेकर डॉक्टरांना बोलावून घे आणि त्यांच्यासमोर फोल्डर उघड. कोळेकरबाईंचा प्लॅन काढून आधी तुझ्या मशीनवर घे. मग मला फोन कर."

"आणि हेरवाडे सरांना सांगू?"

"ते मी सांगते."

पाऊण तासानं फोन आला. "मिळाला, मॅडम! डॉक्टर बसलेत बघत. सगळे प्लॅन जिथल्या तिथं आहेत. उद्यापासून चालू करू म्हणतात."

"तुझ्या मशीनवर घेतलास ना?"

"घेतला. दोन ठिकाणी घेतला."

मग मी हेरवाड्याला फोन लावला. आवाज जितका पडेल ठेवता येईल तितका ठेवला.

"साहेब, तुमची एक्केचाळीस नंबरची डिस्क मी सोमवारी सोडवून ठेवली होती. ती परत लावलीय. एकदा बघून घ्या. शनिवारी उगाच वाद नको."

मग तो म्हणाला, "पुसली नाहीत तुम्ही?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला. "बघतो."

अर्ध्या तासात शबानाचा परत फोन. ती जवळजवळ किंचाळत होती. "मॅडम, फोल्डर परत गेला! फोल्डर काय, अख्खी डिस्क कोरी दिसतेय!"

"असू दे."

"असू दे काय? मॅडम, सगळे जुने पेशंट..."

"कोळेकरबाईंचा प्लॅन आहे ना तुझ्याकडं? मग चहा पी जा. आणि शनिवारी सकाळी डॉक्टरांना घेऊन बैठकीला ये."

शनिवारी ट्रस्टच्या खोलीत अध्यक्ष आप्पासाहेब आवटी मधोमध बसले होते. तासगावकडचे मोठे द्राक्षबागायतदार. कमी बोलायचे, आणि बोलताना समोरच्याकडं न बघता टेबलाकडं बघायचे. हेरवाडा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला होता. त्याला बोलायची फार घाई झालेली.

"आप्पासाहेब, जागेचा विषय नंतर घेऊ. आधी मोठं नुकसान झालंय ते सांगतो. मगदूम मॅडमनी जुन्या पेशंटांचे सगळे किरणोपचाराचे प्लॅन पुसून टाकले. सोमवारी डिस्क काढून घेतली आणि गुरुवारी परत लावली ती रिकामी. हे बघा, पडद्याचे फोटो आहेत माझ्याकडं."

"रिकामी म्हणजे?"

"कोरी. एक अक्षर नाही आत. पाच वर्षांचं काम गेलं. आज यातला एखादा पेशंट परत आला तर काय तोंड दाखवणार आपण? खेड्यापाड्यातनं येतात ही माणसं, आप्पासाहेब. आपल्या भरवशावर येतात." बोलता बोलता त्यानं आवाज भरून आणला. खरं सांगते, क्षणभर मलाही पटलं.

आप्पासाहेबांनी टेबलावरचा एक कण बोटानं बाजूला सारला. "सोमवारी डिस्क गेली, हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारीच. माझं लक्ष असतं."

"मग बाईंना विचारलंत?"

"त्या माझं ऐकत नाहीत, आप्पासाहेब. सगळ्यांना माहीत आहे."

"ऐकत नाहीत ते कळलं. विचारलंत का?"

हेरवाडा फोटोंचे कागद पुढं सरकवायला लागला. तेव्हा नेर्लेकर डॉक्टर म्हणाले, "एक मिनिट. गुरुवारी दुपारी ही डिस्क रिकामी नव्हती. मी स्वतः फोल्डर उघडलेला पाहिलाय. कोळेकर नावाच्या पेशंटचा प्लॅन आम्ही त्यातूनच काढला, आणि काल पहिला डोस दिला."

"शक्यच नाही!" हेरवाडा उठून उभा राहिला. "आणि असेल तर मग यांनीच पुसली त्याच्यानंतर!"

"मी डिस्क लावू शकते, सोडवू शकते, आणि मी पुसली तर अख्खी डिस्कच नाहीशी होते," मी म्हटलं. "लावलेल्या डिस्कच्या आत जाऊन ती कोरी करायची, तर सर्व्हरवरून करावी लागते. तुमच्या सर्व्हरचा पासवर्ड तुमच्याशिवाय कुणाकडं नाही. मला तो द्यायचा नाही, असं तुम्हीच या खोलीत दोनदा लिहून दिलंय. पण राहू द्या साहेब, नुकसान काही झालेलं नाही. कोरी झाली ती नक्कल. मूळ डिस्क माझ्या कपाटात आहे, सोमवारी होती तशी. आत्ता सांगा, आत्ता लावून देते."

मला वाटलं होतं तो घाबरेल. तो घाबरला नाही. तो संतापला. त्याचं तोंड लाल झालं, आणि सगळ्या ट्रस्टींच्या देखत माझ्याकडं बोट करून ओरडला, "नक्कल? मला नक्कल दिलीत तुम्ही? फसवलंत मला!"

सगळे ट्रस्टी त्याच्याकडं बघायला लागले. आपण काय बोलून गेलो, हे त्याला जरा उशिरा कळलं. त्यानं बोट खाली घेतलं, फोटोंचे कागद गोळा करायला लागला, आणि त्यातला एक खाली पडला तो कुणीच उचलून दिला नाही.

"हेरवाडे," आप्पासाहेब टेबलाकडं बघत म्हणाले, "तुम्ही बाहेर थांबा."

तो बाहेर थांबला तो थांबलाच. पुढच्या महिन्यात त्याची खोली रिकामी झाली, आणि सर्व्हर नि कपाट दोन्ही माझ्याकडं आलं. मला आनंद झाला. अगदी घरी पुरणपोळी करण्याइतका झाला, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. कोळेकरबाईंचे डोस पुरे झाले. जाताना त्या तळघरातल्या सगळ्यांना शेंगदाण्याची चटणी देऊन गेल्या. शबानानं माझा वाटा वर आणून दिला.

ती माझ्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, एक विचारू? तो डिस्क पुसणार, हे तुम्हाला आधीच कसं कळलं?"

"इतकी वर्षं ओळखते त्याला," मी म्हटलं. तिला ते पटलं. ती हसली आणि गेली.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. शबाना अजूनही नव्या पोरींना ही हकिगत सांगते, आणि मॅडमनी माणूस कसा अचूक ओळखला होता, असा तिचा शेवट करते. मी तिला अडवत नाही. पण मी त्याला ओळखत नव्हते. ओळखत असते तर सोमवारीच सावध झाले असते. गुरुवारी दुपारी शबाना 'लावा की' म्हणत होती तेव्हा मी फक्त डोळे मिटले आणि स्वतःला त्याच्या जागी बसवून पाहिलं. समोर वैऱ्यानं परत केलेली भरलेली डिस्क. दोन दिवसांवर बैठक. पासवर्ड माझ्या एकटीकडं. बाकावरच्या सुगंधाबाई तिथून मला दिसल्याच नाहीत, आणि माझं बोट आपोआप पुसायच्या कळीवर गेलं. मग मी डोळे उघडले आणि आधी नक्कल काढली.